इंजिन फाउंडेशन बसलंय म्हणे! जुन्या सँट्रोला कंपनीचं टाकू की लोकल? (ठाणे)

कळवापूल | सोमवार, रात्री १०:५०

मंडळी, इंजिन फाउंडेशनसाठी, म्हणजे इंजिन बॉडीवर धरून ठेवणाऱ्या रबरी माउंटिंगसाठी, जरा मदत हवी आहे. गाडी २००४ची सँट्रो झिंग, पेट्रोल, १०८६ सीसी. बाबांनी नवी घेतलेली, गेली सहा वर्षं मी चालवते. ९१ हजार किलोमीटर झालेत. २०२४ला दुसऱ्यांदा रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) केलं, पाच हजार फी मोजली, त्यामुळे २०२९पर्यंत तरी हिला कुठेही जाऊ देणार नाही, हे आधीच सांगते. "विकून टाका" हा सल्ला घरात रोज मिळतो, इथे नको.

रोजचा रस्ता मानपाडा ते महापे. म्हणजे घोडबंदर रोडवर मेट्रोचे पत्रे, माजिवड्याची कोंडी, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. या पावसात खड्डे किती हे वेगळं सांगायला नको.

लक्षणं:
सिग्नलला उभी असताना एसी लावला की स्टेअरिंग, सीट, आरसा, सगळं थरथरतं. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती आहे, त्याचा डिंक सुटलाय. मानपाड्याला माझ्याकडे तोंड असतं आणि कापूरबावडीचा सिग्नल सुटेपर्यंत तो काचेकडे तोंड करून बसतो. पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी गचके देते आणि खालून "धप्प" येतं. रिव्हर्सला त्याहून मोठं.

एका गॅरेजने क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग असं पूर्ण काम सांगितलं. दुसऱ्याने बॉनेटसुद्धा न उघडता "फाउंडेशन बसलंय, चारही टाका" म्हणून सांगितलं. दुकानात विचारलं तर एकाच माउंटिंगचे तीन भाव. कंपनीचं, "कंपनीसारखंच" आणि लोकल. कोणाचं ऐकू?

---

आळशी_अजगर | सोमवार, रात्री ११:०५

गणपती स्वतःहून प्रदक्षिणा घालतोय म्हणजे जागृत देवस्थान आहे. काही बदलू नका. पत्ता द्या, दर्शनाला येतो.

---

रिंगपाना | सोमवार, रात्री ११:४०

ताई, अजून एक रुपयाही खर्च करू नका. दोघांनीही न बघता सांगितलंय.

थरथर दोन प्रकारची असते. एकात इंजिनच नीट चालत नाही, म्हणजे प्लग गेलाय, कॉइल किंवा वायर कमजोर आहे, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागात) काजळी बसलीय. गाडी मिसिंग मारते तेव्हा थरथर एकसारखी नसते, मध्येच एक ठोका चुकल्यासारखी येते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवेच्या झोतातही तो ठोका कळतो. दुसऱ्या प्रकारात इंजिन छान चालतं, पण त्याचं हलणं रबराने अडवायचं ते बॉडीपर्यंत पोचतं. ही थरथर एकसारखी, दळणाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखी. पहिल्या दुखण्यावर माउंटिंग बदललंत तर पैसे पाण्यात.

आता क्लच. क्लच खरंच झिजला असेल तर तो घसरतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्या. रेस (इंजिनाचे फेरे) चढते पण गाडी पळत नाही, असं होत असेल तर क्लच. नुसते सुटताना गचके येत असतील तर माउंटिंगही तितकंच गुन्हेगार असू शकतं, कारण क्लच पकडायला लागला की इंजिन मागे झुकतं, त्याने पकड सुटते, इंजिन परत येतं, पुन्हा पकडतं. हेच गचके. या चुकीपायी चांगले क्लच उतरवलेले मी बघितलेत.

रविवारी दहा मिनिटं काढा. गाडी सपाट जागी, बॉनेट उघडं, हँडब्रेक घट्ट, आत बसलेल्याचा पाय ब्रेकवर. दुसऱ्याने बाजूला, म्हणजे चाकाच्या वरून वाकून बघायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, क्लचवरून पाय सटकला तर गाडी उडी मारते. पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा सोडा, इंजिनाचं डोकं काचेकडे झुकेल. मग रिव्हर्स, आता डोकं रेडिएटरकडे येईल. थोडं हलणारच, रबर आहे ते. पण इंजिन बोटभराहून जास्त उचकत असेल किंवा शेवटाला "टक्" करून आपटत असेल तर रबर संपलं. बघा आणि सांगा.

---

प्रीमिअर७८ | मंगळवार, सकाळी ६:२०

वाचतोय. आमच्या पद्मिनीला इंजिन उभं, पुढे दोन बाजूंना दोन रबरं आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. वर्षानुवर्षं कोणी त्यांचं नाव काढलं नाही. कोपरीला एक मिस्त्री होता, तो टॉमी (लोखंडी दांडा) घालून इंजिन उचलायचा, रबर बघायचा आणि "अजून दोन दिवाळ्या" म्हणायचा. या नव्या गाड्यांना चार-चार कशाला लागतात?

---

शोअर_ए | मंगळवार, दुपारी १:१५

काका, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. मी रबाळे एमआयडीसीत रबर मोल्डिंगमध्ये चोवीस वर्षं काढलीत, तेव्हा हा माझा प्रांत.

पद्मिनीचं डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना पीळ वाटून देणारी गिअरची पेटी, मागच्या अ‍ॅक्सलवर होतं. इंजिनाच्या रबरांवर वजन आणि गिअरबॉक्समधून निघालेला पीळ एवढंच यायचं, डिफरन्शिअलने वाढवलेला पीळ मागचा अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगचे पाटे झेलायचे. सँट्रोसारख्या गाडीत इंजिन आडवं आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल हा एकच गठ्ठा. चाकांना जो पीळ मिळतो, तेवढाच उलटा पीळ या गठ्ठ्याला बसतो. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे हाच पीळ, शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास धरा. पहिला गिअर आणि फायनल (डिफरन्शिअलचा गिअर) मिळून तो दहा-पंधरा पट होतो. म्हणजे हजाराच्या वरचा पीळ चार रबरांवर, प्रत्येक सिग्नलला.

म्हणून कामं वाटून दिलेली असतात. उजवं इंजिन माउंटिंग आणि डावं गिअरबॉक्स माउंटिंग वजन पेलतात. पुढचा आणि मागचा रोल स्टॉपर वजन फारसं घेत नाहीत, ते गठ्ठ्याला कोलांटी मारू देत नाहीत. ताईंना "धप्प" ऐकू येतंय त्यावरून माझा संशय मागच्या रोल स्टॉपरवर. थरथर उजव्याकडून. बघू.

---

कळवापूल | रविवार, दुपारी १२:३०

केला प्रयोग. बाबा ब्रेकवर, मी चाकावर ओणवी. आधी निकाल: थरथर एकसारखीच आहे, ठोका चुकत नाही. गायमुखच्या चढावर चौथ्यात पाय दिला, रेस आणि गाडी बरोबर गेली. क्लच सुटला एकदाचा आरोपातून.

पहिल्या गिअरला इंजिन मागे गेलं. रिव्हर्सला असं काही उचकलं की मी मागे सरले. तीन बोटं तरी असेल, आणि शेवटी "टक्".

मग बाबांनी टॉर्च घेतला आणि मी मोबाइल खाली घालून फोटो काढले. मागच्या रोल स्टॉपरमध्ये लोखंडी कडं आणि मध्ये नळी असते, त्या दोघांना जोडणाऱ्या रबराच्या दोन भुजा आहेत. खालची आरपार तुटलीय, तुटलेल्या तोंडावर बोट फिरवलं तर काळी भुकटी लागते. वरची निम्मी. नळी कड्याच्या मधोमध असायला हवी ती एका कडेला टेकून बसलीय. तिथेच लोखंड लोखंडावर घासून चकचकीत पट्टा पडलाय.

उजवं मात्र वेगळंच. ते फाटलेलं नाही, फुगलंय. बोट दाबलं तर शिळ्या जिलबीसारखं आत गेलं आणि बाहेर यायला तयार नाही. वरून तेलाचा ओघळ. हे काय प्रकरण?

शिवाय बाबांच्या फाइलमध्ये २०१६चं बिल सापडलं. क्लचच्या कामाबरोबर "गिअरबॉक्स माउंटिंग – १ नग". म्हणजे डावं तेव्हाच बदललंय. बाबा आता दर अर्ध्या तासाने "फाइल बघ म्हणालो होतो" म्हणतात.

---

शोअर_ए | रविवार, दुपारी २:००

बाबांना साष्टांग नमस्कार. असं बिल सांभाळणारे गिऱ्हाईक भेटत नाहीत.

फुगलेलं रबर म्हणजे तेल प्यायलेलं रबर. माउंटिंगमध्ये बहुतेक वेळा नैसर्गिक रबर वापरतात, कारण ताणायला-सोसायला त्यासारखं दुसरं नाही आणि कंपन ते छान गिळतं. पण खनिज तेलापुढे ते दुबळं. तेल आत शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडाला चिकटलेलं असतं तिथून सुटायला लागतं. नायट्राइल रबर तेलाला दाद देत नाही, म्हणून ऑइल सील त्याचे करतात, पण माउंटिंगला लागणारी लवचीकता आणि चिवटपणा त्यात तसा मिळत नाही.

तेव्हा क्रम लक्षात घ्या. आधी गळती, मग माउंटिंग. ओघळ वरून आहे म्हणजे बहुधा टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग. ते न बदलता नवं माउंटिंग टाकलंत तर दोन पावसाळ्यांनी याच धाग्यावर भेटू.

आता निवड. माझ्या मते उजवं कंपनीचंच घ्या. इथे रबराचा कडकपणा मोलाचा असतो. आमच्याकडे तो शोअर ए मापात मोजतात. माउंटिंगचं रबर ढोबळमानाने चाळीस ते साठच्या दरम्यान असतं. स्वस्त मालात भराव म्हणून काजळी आणि खडू जास्त घालतात, रबर कडक होतं. दिसायला भक्कम, दुकानदार जमिनीवर आपटून दाखवतो, "बघा किती टफ". पण तो टफपणा तुमच्या सीटखाली थरथर बनून येतो. रोल स्टॉपरला थोडं कडक चालून जातं, तिथे बऱ्या कंपनीचा लोकलही चालेल.

घेताना पाकिटावरचा पॅकिंगचा महिना आणि वर्ष वाचा. रबर कपाटातही म्हातारं होतं. रबर आणि लोखंड जिथे जोडलंय तिथे नखाने खरवडून बघा, फट दिसली तर परत द्या. आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांची काढलेली माउंटिंग मिळतात, ती घेऊ नका. दरवाजा, आरसा, दिवा तिथून जरूर घ्यावा, मीही घेतो. पण रबर दुसऱ्याचं वापरलेलं कशाला?

---

नेरुळी_नाखवा | रविवार, संध्याकाळी ७:४५

माझा अनुभव. जुनी होंडा सिटी आहे, तिचं एक माउंटिंग द्रव भरलेलं. एक दिवस खाली काळसर चिकट पाणी. मला वाटलं ऑइल. निघालं माउंटिंग फुटून आतलं ग्लायकॉल. आत दोन कप्पे आणि मध्ये अरुंद वाट असते, द्रव त्यातून इकडून तिकडे जाताना हेलकावा मारतो, शॉकअपसारखं काम.

किमती ऐकून घाम फुटला म्हणून त्याच मापाचं भरीव रबराचं लोकल बसवलं. पाम बीच रोडला ऐंशीला गाडी लोण्यासारखी. सानपाड्याच्या सिग्नलला उभी राहिली की मालिशची खुर्ची. चार महिने सोसलं आणि शेवटी द्रववालंच टाकलं. दोनदा मजुरी गेली.

---

घणसोलीचा_गब्बर | रविवार, रात्री ९:१०

एवढा खर्च कशाला? काच चिकटवायचा काळा सीलंट येतो ना, तुटलेल्या रबराच्या पोकळीत भरायचा, दोन दिवस सुकू द्यायचं. भावाच्या गाडीत केलंय. एकदम टाइट.

---

शोअर_ए | रविवार, रात्री ९:३०

टाइट होणारच, हीच तर तक्रार आहे. ती पोकळी चुकून राहिलेली नसते, इंजिनाला सिग्नलवर हळूहळू डोलायला दिलेली जागा असते. ती भरलीत की सगळी कंपनं थेट बॉडीत. रेसिंगवाले पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग टाकतात, त्यांना गिअर झटकन पडायला हवा असतो आणि कानांवर हेल्मेट असतं. ताईंना महाप्याला जाऊन आठ तास काम करायचंय. शिवाय तेल प्यायलेल्या रबराला सीलंट धरत नाही. भावाची गाडी सहा महिन्यांनी कशी आहे ते नक्की लिहा.

---

रिंगपाना | सोमवार, रात्री १०:२०

बसवण्याबद्दल लिहितो. हे वाचून मेकॅनिकसमोर उभ्या राहा, त्याला राग आला तरी चालेल.

जॅक थेट चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) लावायचा नाही. चेंबर पातळ पत्र्याचा असतो, पोचा पडला तर आतली ऑइल उपसायची जाळी दबते. मध्ये जाड लाकडाची फळी ठेवायची म्हणजे वजन पसरतं. एका वेळी एकच माउंटिंग सोडायचं. सगळी एकदम सोडली तर गठ्ठा सरकतो आणि मग भोकं जुळवायला टॉमीने ढकलाढकली होते.

गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच गंजाचा स्प्रे मारून ठेवा. टायमिंग बेल्टचा नंबर आला असेल तर आत्ताच करून घ्या, आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत त्यासाठी उजवं माउंटिंग सोडावंच लागतं. इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची वायर आणि सायलेन्सरचा पुढचा जोड बघून घ्या. इंजिन इतके दिवस उचकत होतं, त्यांनी मार खाल्ला असणार.

डावं २०१६चं धड असेल तर राहू द्या. पुढचा रोल स्टॉपर मात्र बदला, तो मागच्याइतकाच म्हातारा आहे आणि मागचा तुटल्यापासून एकट्याने ओढतोय.

---

कळवापूल | शनिवार, रात्री ८:००

झालं, आणि फसलं.

उजवं कंपनीचं, दोन्ही रोल स्टॉपर बऱ्यापैकी लोकल, टॅपेट पॅकिंग नवं. सगळा माल साधारण तीन हजार आठशे, मजुरी दीड हजार. फळी मी घरून नेली होती, जुन्या पोळपाटाची. मेकॅनिक हसला पण वापरली. तासाभराने मला ऑफिसचा फोन आला म्हणून बाहेर गेले, परत आले तर काम संपलेलं.

"धप्प" पूर्ण बंद. रिव्हर्स मुलायम. पण थरथर आधीपेक्षा जास्त! एसी बंद असतानाही. गणपती आता सरळ आडवा झालाय. पाच हजार तीनशे घालून हे? मेकॅनिक म्हणतो नवं रबर आहे, बसेल हळूहळू.

---

रिंगपाना | शनिवार, रात्री ८:२५

फोनवर होतात तेव्हा त्याने बोल्ट कधी आवळले? जॅक काढायच्या आधी की नंतर?

---

कळवापूल | शनिवार, रात्री ८:४०

मदतनीस पोराला विचारलं. आधी. सगळे आवळले आणि मग जॅक काढला.

---

रिंगपाना | शनिवार, रात्री ९:०५

मग सापडलं. इंजिन वर उचललेलं असताना बोल्ट आवळला की मधली नळी त्याच स्थितीत पकडली जाते. जॅक काढल्यावर गठ्ठा खाली बसतो, पण नळी हलू शकत नाही, मग रबर पिळलेलंच राहतं. स्टॉपरला मधली मोकळी जागा उरत नाही, एका बाजूला तो टेकलेला. नवंकोरं रबर आणि काम फुटक्यासारखं. ते "हळूहळू" बसणार नाही, पिळात राहून लवकर फाटेल. नव्या रबराचा थोडा कडकपणा काही दिवसांत उतरतो हे खरं, पण एवढा फरक त्याने पडत नाही.

उपाय फुकट आहे. गाडी चारही चाकांवर सपाट उभी, जॅक नाही. दोन्ही रोल स्टॉपरचे आडवे बोल्ट ढिले करा, काढू नका. उजव्या माउंटिंगचेही तसेच. इंजिन चालू करून मिनिटभर न्यूट्रलला राहू द्या, बंद करा, वरून धरून पुढे-मागे हलवा. त्याला त्याची जागा सापडू द्या. मग आधी वजनवाली आवळा, रोल स्टॉपर सगळ्यात शेवटी, मॅन्युअलमधल्या टॉर्कने. आणि फोन गाडीत ठेवून जा.

---

कळवापूल | मंगळवार, रात्री ९:५०

फोन घरीच ठेवून गेले.

मेकॅनिक आधी कुरकुरला, मग ढिलं केल्यावर मागचा बोल्ट पान्याशिवायच "कट्" करून फिरला तेव्हा त्याच्याच तोंडून "आयला" निघालं. इंजिन डोळ्यांना दिसेल इतकं पुढे सरकलं, करंगळीच्या नखाएवढं तरी. वीस मिनिटांत काम झालं. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

आज मानपाडा ते महापे आणि परत. एसी बंद असताना इंजिन चालू आहे का हे काट्यावर बघावं लागतं. एसी लावला की कॉम्प्रेसर लागताना एकदा हलकीशी थरथर येते आणि जाते.

---

रिंगपाना | मंगळवार, रात्री १०:१०

एसीवरची ती थरथर थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर बहुतेक जाईल. एसी लागला की इंजिनाने रेस जरा वाढवायची असते, काजळी असेल तर ती उशिरा वाढते. घाई नाही, पुढच्या सर्व्हिसला करा.

---

बाळकुमचा_बंड्या | बुधवार, सकाळी ८:००

ताई, वाचनखूण साठवली. माझी २०१२ची वॅगन-आर, तीन सिलिंडरवाली, तीही थरथरते. करू का हाच प्रयोग?

---

शोअर_ए | बुधवार, सकाळी ९:३०

प्रयोग करा, पण अपेक्षा बेताची ठेवा. आठशे आरपीएमला (मिनिटाला आठशे फेरे) चार सिलिंडर सेकंदाला साधारण सत्तावीस ठोके देतात, तीन सिलिंडर वीस. ठोके जितके संथ तितकं रबराला ते गिळणं अवघड, वर तीन सिलिंडरला मुळातच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झोके घ्यायची खोड असते. थोडी थरथर तुमच्या गाडीला जन्मजात आहे. पूर्वीपेक्षा वाढली असेल तरच बॉनेट उघडा.

---

आळशी_अजगर | बुधवार, सकाळी १०:०२

ते सगळं ठीक. गणपती कुठे बघतोय सध्या?

---

कळवापूल | बुधवार, रात्री १०:३०

माझ्याकडे. पण डिंक अजून लावलेला नाही. थ्रॉटल बॉडी साफ होईपर्यंत मीटर म्हणून तसाच ठेवलाय.